गुण, वर्ग आणि बाजूचा दरवाजा

दिवाळीला पाहुणे जमले आणि चकलीचा पहिला तुकडा मोडला गेला, की बोलणे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे वळते. मग कोणीतरी काका चष्मा नाकावर सारून विचारतातच, "काय रे, टक्के किती पडले?" ज्याला ऐंशीच्या वर पडले त्याला हा प्रश्न अनारशासारखा गोड लागतो. ज्याची गाडी पंचेचाळीस-पन्नासांवर अडली तो बिचारा पाणी आणायचे निमित्त करून स्वयंपाकघरात जातो. पदवी पदरात पडली खरी, पण वर्ग चांगला मिळाला नाही. तेव्हा आता एम.ए., परदेश, संशोधन या गोष्टींचे नाव काढू नये, अशी घरादाराची समजूत झालेली असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आपल्याच मुलखातली शंभर-सव्वाशे वर्षांची हकीकत चाळून पाहावी असे मनात आले. तिची सुरुवात उत्तनपासून करतो.

भाईंदर स्टेशनावर उतरून पश्चिमेची बस धरली की मिठागरे मागे टाकीत रस्ता उत्तनला येतो. पुढे समुद्र, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील आणि वस्तीतून वर डोकावणारा चर्चचा मनोरा. पोर्तुगीज अमलात या पट्ट्यातले पुष्कळसे कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा हा मुलूख मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला. राज्ये बदलली, धर्म बदलला, पण घरातली बोली मराठीच राहिली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याहून आणि मंगळुराहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, आपण इथलेच, हे सरकारदरबारी उमजावे हा त्यातला व्यवहारी हेतू. ज्या समाजाला नोकरीसाठी नावसुद्धा नवे घ्यावे लागते, त्याच्या मुलांना शिक्षणाची वाट काही आयती सापडत नाही.

जोसेफ बाप्टिस्टा हे या समाजातले. त्यांचे वडील उत्तनचे. जोसेफचा जन्म मात्र माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली झाला. लोकमान्य टिळकांचे स्नेही, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार चळवळीचे एक आद्य पुढारी आणि पुढे मुंबईचे महापौर म्हणून 'काका बाप्टिस्टा' पुष्कळांना ठाऊक असतात. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे. आपल्याला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्या शिक्षणाचा रस्ता पाहायचा आहे. त्यांनी आधी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण घेतले आणि नंतर ते केंब्रिजला जाऊन राज्यशास्त्र शिकले. पूल आणि रस्ते बांधण्याची विद्या घेतलेला तरुण राज्यशास्त्राकडे वळतो, हे आजच्या प्रवेशसमितीपुढे मांडले तर भुवया उंचावतील.

ते केंब्रिजच्या ज्या संस्थेत दाखल झाले तिची कथा मोठी बोधप्रद आहे. केंब्रिजमध्ये विद्यार्थी व्हायचे तर आधी एखाद्या कॉलेजाचे सभासद व्हावे लागे, आणि कॉलेज म्हटले की राहणे, जेवण, नोकरचाकर आणि त्याला साजेशी थैली. १८६९ साली विद्यापीठाने एक नवी सोय केली. ज्याला कॉलेज परवडत नाही त्याने गावात बिऱ्हाड करून राहावे, व्याख्याने तीच ऐकावीत, परीक्षा त्याच द्याव्यात, पदवीही तीच घ्यावी. या विनाकॉलेजी विद्यार्थ्यांचे जे ठाणे होते त्याला १८८७ पासून फिट्झविल्यम हॉल म्हणू लागले. बाप्टिस्टा या ठाण्याचे, आणि १९१९ साली केंब्रिजला गेलेले सुभाषचंद्र बोसही याच ठाण्याचे. १९६६ साली त्याला रीतसर कॉलेजाचा दर्जा मिळाला. मोठ्या विद्यापीठाच्या कमानीकडे पाहून माघारी फिरणाऱ्याने आधी इमारतीला एक फेरी मारावी. बहुधा बाजूला एखादा साधा दरवाजा असतोच, आणि आत गेल्यावर दालन एकच असते.

लंडनमध्ये तर याहून सैल दरवाजा होता. तो बॅरिस्टरीचा. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले ते चाळीस टक्क्यांच्या आसपास गुण मिळवून. भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले, पण तिथे काही डोक्यात शिरेना, म्हणून एका सत्रातच घरी परतले. पदवी तर दूरच. तरीही दुसऱ्या वर्षी ते लंडनच्या इनर टेंपलमध्ये दाखल झाले. तिथे ठराविक संख्येने भोजनांना हजेरी लावावी लागे आणि परीक्षा फारशा अवघड नसत, हे त्यांनीच आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. पण गांधींना तेवढ्यावर चैन पडेना. त्यांनी आपण होऊन लंडनची मॅट्रिक परीक्षा अंगावर घेतली, पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाले, पुन्हा बसले आणि सुटले. सक्ती नसताना कठीण परीक्षा ओढवून घेणारा हा विद्यार्थी गुणपत्रिकेवर ओळखू येणारा नव्हता.

बॅरिस्टरी झाली तरी तो अखेर धंदा. विद्येच्या वरच्या पायरीची गोष्ट निराळी, आणि ती समजायला आपले मुंबई विद्यापीठ मुळात काय होते ते ध्यानात घेतले पाहिजे. १८५७ साली ते निघाले ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे कॉलेजांनी, तपासायचे विद्यापीठाने. १८६२ साली बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली ती चौघांची. त्यांत रानडे आणि भांडारकर होते. पुढची साठ वर्षे वरची पदवी म्हणजे आणखी काही प्रश्नपत्रिका, एवढाच अर्थ होता. ज्याचा हात तीन तासांत भराभर चालतो त्याला एम.ए. सोपी, ज्याला एका प्रश्नावर तीन महिने विचार करावासा वाटतो त्याला बी.ए.लाही जड गेले आणि एम.ए.लाही जड जाणार. इतिहासाचार्य राजवाडे १८८२ साली मॅट्रिक झाले आणि बी.ए. व्हायला त्यांना आठ-नऊ वर्षे लागली. नेमलेली पुस्तके सोडून भलतेच वाचीत बसणे हा त्यांचा छंद. एम.ए.च्या वाटेला ते गेलेच नाहीत. त्यांनी दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने काढली तेव्हा त्यांचा वर्ग कोणता होता हे कोणी विचारले नाही. पण कुठल्या विद्यापीठाने त्यांना त्या कामासाठी आसरा दिला असेही नाही. खुद्द मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे स्वतःचे अध्यापन-संशोधन सुरू केले ते १९१९ साली.

या पार्श्वभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाची हकीकत वाचावी. ती आपण शाळेत ऐकलेली असते, पण बहुधा पदव्यांच्या माळेच्या रूपाने. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ ही नावे एका दमात म्हटली, की माणूस जन्मतःच पहिल्या नंबराचा होता असा ग्रह होतो. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. त्यांतले चांगले गुण फारसीचे. फारसी त्यांनी हौसेने घेतली नव्हती. त्यांना संस्कृत घ्यायचे होते, पण अस्पृश्य मुलाला ते शिकवायला शाळा तयार नव्हती. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यात सगळा संसार. सुभेदार रामजी रात्री जागून मुलाला पहाटे दोनला उठवीत आणि मग तो मिणमिणत्या दिव्यापाशी वाचायला बसे. त्या २८२ गुणांच्या मागे हे सारे होते, पण गुणपत्रिकेत खोलीची लांबी-रुंदी लिहिण्याचा रकाना नसतो.

मॅट्रिक झाल्याबद्दल लोकांनी त्यांचा सत्कार केला, कारण त्या समाजात ही गोष्ट अपूर्व होती. सभेचे अध्यक्ष होते सी. के. बोले, आणि सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर हजर होते. हे केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक आणि मराठीतले नामांकित चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता आणि त्याला वाचायला पुस्तकेही दिली होती. सत्काराच्या वेळी त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा केळुसकरच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती ठरली. केळुसकरांनी मुलाचे गुण पाहिले नव्हते असे नाही. पण त्याआधी त्यांनी मुलाला वाचताना पाहिले होते.

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले. विषय इंग्रजी आणि फारसी. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचा फारसा गाजावाजा नव्हता. प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडे देत, हीच त्यातली ऊब. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. घरी परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईस पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारीला सुभेदार गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, बडोद्यात करारावर सही झाली. तीन वर्षे अमेरिकेत शिकायचे, दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

आता मुंबईचा बेताच्या गुणांचा पदवीधर कोलंबियात एकदम कसा फुलला? पोट भरून जेवण, स्वतंत्र खोली, आणि जात न विचारता शेजारी बसणारी माणसे हे एक कारण, आणि ते लहान नव्हे. दुसरे कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ सालीच पीएच.डी. द्यायला सुरुवात केली होती. इंग्लंडात ती पदवी ऑक्सफर्डने आणली १९१७ साली. कोलंबियात पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्गात बसायचे, ग्रंथालयात राबायचे, चर्चावर्गात निबंध वाचायचा, अंगावर आलेल्या शंकांना उत्तरे द्यायची आणि शेवटी प्रबंध लिहायचा, अशी रीत होती. भीमरावांनी तिथे काय घेतले याची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. एकूण साठ. पदवीला एवढ्यांची गरज मुळीच नव्हती. भुकेला माणूस पंगतीत बसल्यावर वाढप्याला 'पुरे' म्हणत नाही, तसला हा प्रकार. सेलिग्मन, ड्युई, शॉटवेल, रॉबिन्सन असे गुरू लाभले. जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळून त्यांनी दोनेक हजार ग्रंथ जमविले.

१९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला आणि आजही जगभर शिकविला जातो. मुंबईच्या परीक्षाहॉलमध्ये असा निबंध लिहायला जागाच नव्हती. 'जातींची उत्पत्ती कशी झाली ते थोडक्यात लिहा, गुण दहा' असा प्रश्न आला असता, तर त्यांना दहापैकी चार पडले असते, असे मला आपले वाटते.

कोलंबियातून निघताना सेलिग्मन यांनी सिडनी वेबना शिफारसपत्र दिले आणि त्या बळावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा रस्ता मोकळा झाला. केळुसकर ते सेलिग्मन ही माळ ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस पुढच्या माणसाला सांगत होता. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली लंडन अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून सादर झाल्यावर १९२७ साली रीतसर पदरात पडली.

हा एकट्याचाच चमत्कार म्हणावा, तर दक्षिणेत नेमक्या त्याच साली दुसरा घडत होता. कुंभकोणमचे रामानुजन गणित सोडून कशात लक्ष घालीना, म्हणून एफ.ए.च्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करीत असताना त्यांनी हार्डींना पत्र लिहिले. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ साली ते केंब्रिजला गेले, १९१६ साली संशोधनावर बी.ए. मिळाली आणि १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. नियमाला अपवाद करण्याची छाती मद्रासच्या विद्यापीठाने दाखविली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

या गोष्टी ऐकून कोणी टाळ्या पिटून गुणपत्रिका चुलीत घालू लागेल, तर त्याला थांबवले पाहिजे. या सगळ्या कथांत एक केळुसकर आहे, एक महाराज आहे, एक हार्डी आहे. परळच्या दुसऱ्या चाळीतल्या, उत्तनच्या कोळीवाड्यातल्या, साताऱ्याच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला असा कोणी भेटलाच नाही, तर? त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण तो इतिहासात आलाच नाही. आणि शिफारशीचे दुसरे नाव आपल्याकडे वशिला आहे. वशिल्याच्या तट्टांची खोड मोडण्यासाठीच गुणांची यादी भिंतीवर लावण्याची पद्धत आली. मामा कोण हे न विचारता आकड्याकडे पाहावे, ही गोष्ट गरिबाच्या मुलाच्या फायद्याचीच होती आणि आहे. सेलिग्मनच्या पत्राला वजन होते, कारण ते पत्र तीन वर्षांच्या कामावर लिहिले होते. मामाच्या चिठ्ठीला असले काही लागत नाही.

तेव्हा घरातल्या ज्या मुलाने पाण्याचे निमित्त केले होते, त्याला बोलावून आजची स्थिती सांगावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या एम.ए.नंतर पीएच.डी.च्या प्रवेशाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात. मागास वर्ग, अपंग इत्यादींना पाच टक्क्यांची सूट आहे. ही अट एम.ए.च्या गुणांची आहे, बी.ए.च्या नव्हे. थेट पदवीवरून पीएच.डी. करू पाहणाऱ्याला मात्र चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के लागतात. म्हणजे बी.ए.ला घसरलेल्या मुलाला एम.ए. ही सावरायची जागा आहे. चांगल्या कॉलेजात जागा मिळेना, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात इतिहासासारख्या विषयाच्या एम.ए.ला पदवीधर असणे पुरते; तिथे टक्क्यांची चाळण नाही. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठे चारपैकी तीनची सरासरी मागतात, पण ती शिक्षकांची पत्रे आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदनही वाचतात, आणि मधल्या काळात केलेले काम पाहतात. या साऱ्याला वर्ष-दोन वर्षे जादा लागतात. राजवाड्यांना आठ लागली होती.

बाबासाहेबांनी स्वतः हा प्रश्न पुढे कसा सोडविला तेही पाहण्याजोगे आहे. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्मान्य एलएल.डी. दिली, त्याच्या आधीच मुंबईत त्यांचे काम उभे राहिले होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथे वर्ग सकाळी भरत. कारकुनी करणाऱ्या, गिरणीत जाणाऱ्या मुलाला तास आटोपून कामावर वेळेत हजर होता यावे, एवढ्यासाठी ही वेळ ठेवलेली होती.